ठाण्यात पोळी-भाजी केंद्र काढताय? डिपॉझिट देण्याआधी हा हिशोब करा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पोळी-भाजी केंद्र काढायचं डोक्यात असेल तर हे पूर्ण वाचा. थोडं लांब आहे, पण गाळ्याचं डिपॉझिट द्यायच्या आधी वाचलं तरच उपयोग आहे. मी छोट्या दुकानांचे हिशोब लिहायचं काम करते, नौपाड्यापासून घोडबंदरपर्यंत आणि इकडे ऐरोली, कोपरखैरणेपर्यंत, आणि त्यात खाण्यापिण्याची दुकानं बरीच आहेत. चव चांगली, संध्याकाळी सातला दारात रांग, सोसायटीतल्या सगळ्या काकू नाव घेतात आणि तरी महिनाअखेरीला मालकिणीच्या हातात काही उरत नाही, अशी केंद्रं मी बघितलीत. वही उघडली की कळतं की पोळी कितीला पडते हेच कोणी कधी मांडलेलं नसतं. गल्ल्यात दिसतो तो पैसा विक्रीचा असतो, नफ्याचा नसतो, आणि हा फरक पहिल्या महिन्यापासून कळला तर पुढचं सगळं सोपं जातं.

पहिलं काम: एक पोळी कितीला पडते

घरीच एक किलो कणीक मळा आणि मोजा. दुकानाच्या मापाची पोळी असेल तर साधारण ३२ होतात, तुमच्या हाताने ३० होतील किंवा ३५, पण स्वतः मोजा, दुसऱ्याचा आकडा घेऊ नका. आता समजा पीठ ५० रुपये किलो पडलं तर पीठ झालं १.५५ रुपये. तेल-तूप ६० पैसे, गॅस ७० पैसे, लाटणाऱ्या ताईंची मजुरी अडीच रुपये, कागद-फॉइल ५० पैसे. झाले ५ रुपये ८५ पैसे. विकली १० रुपयांना, तर हातात राहिले ४.१५. हे सगळे आकडे समजायला घेतलेत, तुमचे वेगळे येतील, पण मांडणी हीच.

भाजीचं पण तसंच. पाव किलो भाजी ६० रुपयांना देताय आणि भाजी, तेल, मसाला, गॅस, डबा धरून ती ३२ ला पडते, म्हणजे २८ राहिले. इथे एक लक्षात ठेवा, निवडून झाल्यावरचं वजन धरायचं. मेथीची जुडी निवडली की देठं बाजूला पडतात, फ्लॉवरचा पाला जातो, मटार सोलला की निम्म्याहून जास्त वजन सालीत जातं. बाजारात दिलेले पैसे आणि कढईत पडलेलं वजन, भागाकार या दोघांचा.

मग महिन्याचे ठरलेले खर्च लिहा, म्हणजे एकही पोळी विकली नाही तरी द्यावेच लागतात ते. समजा गाळ्याचं भाडं ३०,०००, वीज ५,०००, मदतनीस १४,०००, पाणी-फोन-साफसफाई ३,०००. बेरीज ५२,०००. महिन्याला २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे २,००० रुपये. म्हणजे रोज २५० पोळ्या (१,०३७ रुपये) आणि ३५ पाव-पाव किलो भाज्या (९८० रुपये) विकल्या की फक्त बरोबरी झाली. यात तुमचा स्वतःचा पगार नाही!

तो धरायचाच. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत उभं राहणारी बाई फुकट राबत असेल तर तो धंदा चाललाय असं मी म्हणणार नाही. स्वतःला २६,००० धरले तर रोज आणखी हजार लागतात, म्हणजे साधारण ३७० पोळ्या आणि ५३ भाज्या. आता तुमच्या गल्लीत उभ्या राहून बघा, रोज एवढं माणूस तिथून येईल का? येईल असं वाटलं तर पुढे जा. नाही वाटलं तर भाडं कमी असलेली जागा शोधा किंवा घरून डबे सुरू करा, त्यात काही कमीपणा नाही, चांगली चाललेली कितीतरी केंद्रं आधी घरच्या ओट्यावरच सुरू झालेली असतात.

आणि उरलेलं रोज लिहा. रात्री पाच पाव-पाव किलो भाज्या टाकून द्याव्या लागल्या तर ५ गुणिले ३२, १६० रुपये गेले, महिन्याचे ४,१६०. एवढ्या पैशात वीजबिलाचा मोठा भाग निघतो. आठवडाभर लिहिलंत की कुठल्या वारी कुठली भाजी उरते ते आपोआप कळतं आणि त्या वारी ती कमी करायची.

गाळा बघताना

ठाणे स्टेशन, गोखले रोड, राममारुती रोड इथली गर्दी बघून जीव हरखतो, पण तिथलं भाडं पोळीतून काढणं फार अवघड आहे, तिथे कपडे, मोबाइल, दागिने चालतात. पोळी-भाजी माणूस घरी जाताना घेतो, साडेसहा ते नऊच्या मध्ये, आणि रिक्षातून उतरल्यावर घेतो. त्यामुळे शेअर रिक्षा जिथे थांबते तो कोपरा, वर्तकनगर, लोकमान्यनगर, कळवा, खोपट असल्या वस्तीच्या आतल्या रस्त्यावर, हा मुख्य रस्त्यावरच्या गाळ्यापेक्षा जास्त विकतो. घोडबंदरला गोष्ट वेगळी, तिथे लोक गाडीने येतात आणि गाडी उभी करायला जागा नाही, त्यामुळे तिथे गेटपर्यंत पोचवायची तयारी ठेवा, आणि त्या मुलाचा पगार वरच्या ठरलेल्या खर्चात आधीच धरा. ऐरोली, घणसोली, महापे इथे आयटीची मुलं पीजीत राहतात, त्यांचा रात्रीचा डबा हक्काचा, पण ऑफिसच्या जवळचं दुपारचं गिऱ्हाईक शनिवार-रविवारी गायब होतं, तेव्हा तिथे २६ दिवस धरू नका, २२ धरा.

गाळा आवडला की भावाची घासाघीस करायच्या आधी या गोष्टी विचारा: जागा कागदावर कमर्शियल आहे का, सोसायटीची खाण्याच्या धंद्याला एनओसी मिळेल का, धूर बाहेर काढायची चिमणी कुठून न्यायची, भांडी घासायच्या पाण्याचा निचरा कुठे होतो, पाण्याची वेळ काय आणि महावितरणचं मीटर कमर्शियल आहे का. शेवटचं फार महत्त्वाचं. घरगुती मीटरवर दुकान चालवलं आणि पकडलं गेलं तर दंडाचं बिल येतं आणि ते भाडेकरूच्या गळ्यात पडतं. ठाण्यात पाण्याच्या शटडाउनचे दिवस येतातच, तेव्हा टाकी किती लिटरची बसेल तेही बघून ठेवा.

लीव्ह ॲण्ड लायसन्स ॲग्रीमेंट, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टरच करा. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि ऑनलाइन होतं, स्टॅम्प ड्युटी ठरलेल्या मुदतीच्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के असते, डिपॉझिटचं व्याज त्यात मिळवून. घाबरण्यासारखी रक्कम नाही. ॲग्रीमेंटमध्ये लॉक-इनचा, म्हणजे करार मध्येच मोडता येत नाही त्या मुदतीचा, परिच्छेद दोनदा वाचा. तीन वर्षांचा करार आणि पहिली दीड वर्ष लॉक-इन दोघांनाही, असं असेल तर धंदा नाही चालला तरी तेवढं भाडं तुमच्या अंगावर. नवीन माणसाने लॉक-इन सहा महिन्यांच्या वर मान्य करू नये असं माझं ठाम मत आहे, पण मालकाचं लॉक-इन मात्र लांबचं मागा, कारण तुम्ही ओटा, चिमणी, टाइल्स सगळ्यावर खर्च करणार आणि अकराव्या महिन्यात त्याने उठवलं तर ते सगळं तिथेच राहतं. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर कोण भरणार तेही लिहून घ्या.

कागदपत्रं

यावर लोक नको तेवढे घाबरतात आणि एजंटला नको तेवढे पैसे देतात. पटकन सांगते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारकडे नोंद, सरकारी पोर्टलवर आधार वापरून होते आणि ती पूर्ण फुकट आहे, २०२० च्या जुलैपासून हीच पद्धत आहे. पैसे मागणाऱ्या दिसायला तशाच वेबसाइट आहेत, तिथे भरू नका. गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, आता पूर्वीसारखा नाही, हाताखाली थोडी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती फ्रेम करून लावायची. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी मात्र घरून डबे देत असाल तरी लागते, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर करायची, १४ आकडी नंबर मिळतो, तो दुकानात लावायचा आणि बिलावर छापायचा. प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी विसरली जाते हमखास, मालकाचे वर्षाला २,५०० रुपये असतात. कामाला ताई असतील आणि त्यांचा पगार महिना २५,००० पर्यंत असेल तर त्यांच्याकडून हा टॅक्स कापायचा नाही, महाराष्ट्रात २०२३ च्या एप्रिलपासून तशी सूट आहे.

पाटी मराठीत, देवनागरीत, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं तिच्यापेक्षा मोठी नकोत. दुकान कितीही छोटं असलं तरी. गॅस १९ किलोचा कमर्शियल सिलिंडरच, घरचा १४.२ किलोवाला दुकानात वापरणं बेकायदा आहे आणि काही झालं तर विमाही हात वर करतो. वजनावर विकत असाल तर इलेक्ट्रॉनिक काट्याला सरकारी वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी लागतो. प्लास्टिकची पिशवी ठेवूच नका, राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड आणि दुसऱ्यांदा १०,०००. गिऱ्हाइकाला डबा आणायची सवय लावा, डबा आणला तर दोन रुपये कमी असं लिहून लावलं की लोक खरंच आणतात.

पैसे वेगळे, पहिल्या दिवसापासून

यावर मी सगळ्यात जास्त भांडते. दुकानाचं खातं वेगळं, क्यूआर त्या खात्याचा, आणि त्या खात्यातून घरचा किराणा, मुलाची फी, नवऱ्याच्या गाडीचा हप्ता काहीही जायचं नाही. महिन्याच्या एक तारखेला स्वतःचा ठरलेला पगार घरच्या खात्यात टाकायचा आणि तेवढाच वापरायचा. जास्त लागले तर घरखर्चासाठी उचल म्हणून वहीत लिहायचे.

नुसती शिस्त म्हणून सांगत नाहीये. २०२५ च्या जुलैमध्ये कर्नाटकात छोट्या विक्रेत्यांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या, भाजीवाले, बेकरीवाले सगळे हवालदिल झाले. आता समजा तुमच्या क्यूआरवरच भावाने पाठवलेले पैसे, भिशीचे पैसे, मैत्रिणीने परत केलेले उसने पैसे आले असतील तर त्यातली विक्री कुठली हे सिद्ध करत बसावं लागतं. खातं वेगळं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

वही कशी ठेवायची? साधी शंभर पानी वही चालते. रोज रात्री चार आकडे: रोख विक्री, क्यूआरची विक्री, आजची खरेदी, उरलेला माल. पाचवा रकाना उधारीचा. सकाळी गल्ल्यात किती सुट्टे टाकले ते वर लिहायचं, रात्री मोजायचं, फरक आला तर त्याच रात्री शोधायचा, दुसऱ्या दिवशी आठवत नाही. आणि स्क्रीनशॉट बघून पोळ्या देऊ नका, गर्दीत खोटे दाखवतात, साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात दिसलं तरच पैसे आले असं धरायचं.

जीएसटीची रेषा आधीच बघून ठेवा

तयार जेवण देणं, मग ते पार्सल का असेना, सेवा धरली जाते, त्यामुळे नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख. वस्तू विकणाऱ्यांची ४० लाख आहे ते ऐकून बरेच जण निवांत बसतात. आणि २० लाख नफा नव्हे, उलाढाल. २६ दिवसांच्या हिशोबाने रोज साधारण ६,४०० चा गल्ला झाला की वर्षाला २० लाख होतात.

आता वरचं गणित परत बघा. बरोबरीवर असताना रोजची विक्री ४,६०० होती, म्हणजे वर्षाला साडेचौदा लाखांच्या आत. पण तुमचा पगार निघायला लागला, ३७० पोळ्या आणि ५३ भाज्या, तेव्हा विक्री ६,८८० वर गेली, वर्षाला साडेएकवीस लाखांच्या जवळ. म्हणजे धंदा जेव्हा पहिल्यांदा तुम्हाला काही द्यायला लागतो तेव्हाच ही रेषा ओलांडली जाते! म्हणून भाव ठरवतानाच ते पैसे धरा. ओलांडली की ३० दिवसांत नोंदणी करायची. कंपोझिशन, म्हणजे छोट्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना, घेतलंत तर कागदपत्र कमी, पण ५ टक्के तुमच्या खिशातून, गिऱ्हाइकाकडून घेता येत नाहीत, साडेएकवीस लाखांवर ते लाखाच्या वर जातात. नेहमीच्या पद्धतीत ५ टक्के बिलात लावता येतात, पण खरेदीवर दिलेला टॅक्स परत मिळत नाही आणि रिटर्न जास्त. दोन्ही कागदावर मांडून सीएला दाखवा, त्याची एका बैठकीची फी वसूल होते.

आयकराचं त्या मानाने सोपं आहे. छोट्या धंद्याला अंदाजे नफ्याची योजना आहे, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के किमान नफा दाखवायचा. म्हणून क्यूआरला घाबरून रोखीकडे वळू नका.

माल

सगळा माल कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घेतलात तर एका पोळीमागे राहणारे वरचे ४.१५ हळूहळू साडेतीनवर येतात. गहू, डाळी, तेल, मसाले यासाठी तुर्भ्याच्या एपीएमसीत एकदा स्वतः जाऊन भाव बघून या, दाणाबंदर वेगळं, मसाल्याचं वेगळं, कांदा-बटाटा वेगळा. एकटीला गोणी जड जात असेल तर दोन-तीन केंद्रांनी मिळून घ्या आणि टेम्पोचं भाडं वाटून घ्या. पालेभाजी मात्र लांबून आणण्यात अर्थ नाही, जांभळी नाक्याला किंवा जवळच्या मंडईत सकाळी लवकर गेलात की काम होतं. पॅकिंगचं सामान, फॉइल, कागदी पिशव्या जांभळी नाक्याच्या आसपास होलसेलमध्ये मिळतात. एकाच दुकानदाराला एका दिवसात १०,००० च्या वर रोख देऊ नका, तो खर्च टॅक्सच्या हिशोबात नाकारला जाऊ शकतो.

माणसं

पोळी लाटणाऱ्या ताई म्हणजे तुमचं दुकान. त्या नाही आल्या तर शटर वर करून काही उपयोग नाही. त्यामुळे एकीवर अवलंबून राहू नका, दोघी ठेवा, अर्धा-अर्धा वेळ चालेल. नगावर मजुरी ठरवलीत तर रोजच्या पोळ्या दोघींनी मिळून वहीत लिहायच्या आणि सही करायची, वाद तिथेच संपतो, आणि महिन्याची बेरीज किमान वेतनाच्या खाली जात नाही ना ते बघायचं. उचल मागतात, द्यावी, अडीअडचण सगळ्यांना असते, पण किती आणि कुठल्या पगारातून कापणार हे देतानाच सांगायचं. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस आणि दुपारचं जेवण हे त्यांनी न मागताच द्या. ज्या केंद्रात ताईंना मान आहे तिथे त्या वर्षानुवर्ष टिकतात आणि पोळीची चव बदलत नाही, हे मी कितीतरी ठिकाणी बघितलंय.

उधारी, ऑफिसच्या ऑर्डरी आणि ॲप

महिन्याचा डबा असेल तर पैसे आगाऊ. संकोच करू नका, शाळेची फी आगाऊ भरतो तशी लोक भरतात. सोसायटीतल्या ओळखीच्यांना उधारी द्यावीच लागली तर आकडा ठरवा, ५०० च्या वर नाही, आणि नाव-तारीख लिहा.

वागळे इस्टेट किंवा महापेच्या एखाद्या कंपनीने रोज चाळीस डबे मागितले की आनंद होतो, पण बिल कधी मिळणार ते आधी विचारा. तीन महिने पैसे अडकले तर तेवढे दिवस किराणा तुमच्या खिशातून जातो. कायदा तुमच्या बाजूने आहे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम नंबर छापा, नम्रपणे एकदा सांगा, बहुतेकदा तेवढ्यावर अकाउंट्सवाले हलतात.

ॲपवर जायचं असेल तर आधी हे मांडा. थाळी १२० ची, समजा कमिशन २५ टक्के म्हणजे ३०, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ५.४०, पॅकिंग १०, माल ५५. उरले १९.६०. त्यावर वीस रुपयांची सूट तुमच्या खर्चाने दिलीत की हातात काहीच नाही. म्हणून ॲपवर वेगळा भाव आणि वेगळा मेन्यू ठेवा, आणि ॲपवरची विक्री जीएसटीच्या उलाढालीत धरली जाते हे विसरू नका.

वर्षाचं गणित

गणपतीत ठाणं कोकणात जातं. रोजची विक्री खाली येते, पण उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी येतात, आणि मोदकाचं अडतं ते हातांवर, पिठावर नाही. तुमच्या ताई एका सकाळी किती मोदक वळू शकतात ते आधी करून बघा, तेवढ्याच ऑर्डरी घ्या, वेळेचे दोन भाग करा, सकाळी आठचे आणि अकराचे, आणि पैसे आधी. सगळ्यांना हो म्हणून नैवेद्याच्या वेळी मोदक पोचले नाहीत तर ते घर परत येत नाही. दिवाळीच्या फराळाला बेसन, तूप, सुका मेवा नवरात्रातच घेऊन ठेवा, नंतर भाव चढतात, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतलेत तर स्वतःचं भांडवल अडकत नाही. मे महिना सुट्टीचा, मंदा. श्रावणात सोमवार-शनिवारी उपवासाचे पदार्थ ठेवा. यातले मंदीचे दिवस आधीच कमी धरलेत तर त्यात भाडं भरायला कर्ज काढावं लागत नाही.

कर्जाचं म्हणाल तर मशीन, फ्रिज, ओटा यासाठी काढा, महिन्याचं भाडं भरायला काढू नका. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, तुमचं खातं आहे त्या बँकेत विचारा. वरची शंभर पानी वही आणि सहा महिन्यांचं स्वच्छ स्टेटमेंट घेऊन गेलात तर मॅनेजर नीट ऐकून घेतो.

आणि नाहीच जमलं तर

सहा महिन्यांची वही समोर ठेवा. विक्री महिन्याला थोडी तरी वाढत असेल तर थांबा. सलग तीन महिने ठरलेले खर्चही निघत नसतील आणि भाव, मेन्यू, वेळ सगळं बदलून झालं असेल तर घरचे दागिने मोडून ओढत बसू नका. मालकाला ॲग्रीमेंटप्रमाणे लेखी नोटीस द्या, डिपॉझिटमधून काय कापणार ते लिहून घ्या, ताईंचे पगार सगळ्यात आधी चुकते करा. जीएसटी घेतला असेल तर रद्द करायचा अर्ज टाका आणि शेवटचं रिटर्न तीन महिन्यांत भरा, शटर पाडलं म्हणून नोंदणी आपोआप बंद होत नाही आणि न भरलेल्या रिटर्नची लेट फी वाढत राहते. वीजमीटर तुमच्या नावावर असेल तर शेवटचं रीडिंग घेऊन त्याचा फोटो ठेवा. वह्या आणि बिलं मात्र सात-आठ वर्ष जपून ठेवा, टॅक्सवाले मागचं विचारू शकतात.